बंदरावरची खुर्ची

दादा, आज शनिवार. सकाळी उठलो, वस्तरा पाण्यात बुडवला, पट्ट्यावर चार वेळा ओढला आणि मग लक्षात आलं की समोर गळाच नाही. तेव्हापासून डोकं तापलंय. तू गेलास म्हणजे आपलं भांडण मिटलं असं तुला वाटत असेल तर ते मनातून काढून टाक. पाळी माझी होती. तू ती बुडवलीस आणि चालता झालास. शोभलं का तुला हे? मी ती पाळी आज घेणार आहे, आणि मधे एक अक्षर बोलायचं नाही.

आळीत शनिवारी कुणी केसाला हात लावू देत नाही, म्हणून आपल्याला शनिवार मोकळा, आणि म्हणून आपण दोघे शनिवारीच एकमेकांची दाढी करायचो. पडवीत पाट टाकून, आधी तू माझी, मग मी तुझी. बाबांनी घालून दिलेला नियम होता: वस्तरा ज्याच्या हातात त्याने बोलायचं, ज्याच्या गळ्यावर त्याने गप्प बसायचं. बाबांना बिचाऱ्यांना वाटलं असेल, पोरं आठवड्यातून एकदा तरी एकमेकांचं ऐकून घेतील. कसलं काय! आपण त्याचा कोर्टातला कज्जा करून टाकला. तू माझी हनुवटी वर धरून आठवडाभरचं सगळं बोलून घ्यायचास आणि मी डोळे वटारून मनात उत्तरं जुळवायचो. मग तू पाटावर बसलास की मी सुटायचो. वहिनी आतून ओरडायची, "भांडा किती भांडायचं ते, पण गळे सांभाळा हो!"

घात केला तो त्या खुर्चीने. तू दोन वर्षं मुंबईला गिरगावातल्या सलूनात राहिलास आणि येताना ती घेऊन आलास. गोणपाटात गुंडाळलेली, आपल्या मांडवी बंदराच्या धक्क्यावरून बैलगाडीत चढवलेली. मान टेकायला गादी, पाय ठेवायला लोखंडी पट्टी, आणि गरागरा फिरणारी. आळीत बातमी गेली की न्हाव्याने सिंहासन आणलंन. खुर्ची आली पण दुकान कुठे होतं? ती पडवीत पडून राहिली. तुझी सुमी दिवसभर तिच्यावर गोल गोल फिरायची आणि दुपारी एक कोंबडी तिच्यावर खुडूक होऊन बसायची. मी वहिनीला म्हणायचो, दादाने एवढी मुंबई पाहिलीन ती कोंबडीची सोय करायला. तू हसायचास, पण ते तुला लागायचं. मला कळत होतं ते, आणि तरीही मी बोलायचो. हा माझा स्वभाव, तुला ठाऊकच आहे.

मग जागा बघायला सुरुवात झाली. तू मला घेऊन आधी कचेरीसमोर बसलास, वडाखाली, सकाळपासून दुपारपर्यंत. मी येणारी जाणारी माणसं मोजत होतो आणि बोटांवर बोटं दुमडत होतो. तू म्हणालास, "पांड्या, जाणारी नको मोजू. थांबणारी मोज. आणि त्यांच्या हनुवट्या बघ." बघितल्या. कचेरीत आलेला माणूस थांबतो खूप, पण त्याचं लक्ष आतून नाव पुकारतायत का तिकडे. त्याला खुर्चीत बसवलं तर अर्ध्या दाढीवर उठून पळेल. "आणि गुळगुळीत होऊन साहेबापुढे गेला तर साहेब म्हणेल याचं बरं चाललंय," असं तू म्हणालास. त्यावर मी हसलो. त्या दिवशी आपलं एकमत झालं, ते शेवटचं.

मला आळीचं तोंड हवं होतं. का नको हवं असायला? आळीत ज्यांचा शब्द चालतो त्या नानांचं विहिरीवरचं घर, त्याला लागून रस्त्याकडची त्यांची लाकडं ठेवायची खोली. दारात फणसाची सावली, दुपारचं ऊन आत येत नाही, उत्तरेकडून स्वच्छ उजेड, दोन पावलांवर गोड्या पाण्याची विहीर. आजोबांपासून आपली चाळीस घरं तिथेच. बलुत्याचं भात तिथून येतं, सणाचं ताट तिथून येतं. ज्या माणसांच्या डोक्यावरचा भोवरा कुठे आहे हे मला झोपेत सांगता येईल, ती माणसं सोडून कुठे जायचं?

आणि तुला हवं होतं बंदर. मांडवीला धक्क्यावरून वर येताना उंडीच्या झाडाखाली गलबतं चालवून थकलेल्या त्या म्हाताऱ्या तांडेलाची खोली, जिथे तो जुनी शिडं नि दोर ठेवायचा. मी पहिल्यांदा आत डोकावलो तेव्हा वासाने परत फिरलो. तू मात्र आत उभा राहून कुठल्या भिंतीला आरसा लावायचा ते ठरवत होतास.

तुझं म्हणणं मला पाठ आहे, गळ्यावर वस्तरा ठेवून इतक्यांदा ऐकवलंस. आगबोटीतून माणूस उतरतो तो रात्रभर जागलेला, उलट्यांनी हैराण, दाढी वाढलेली. त्याला अजून गावापर्यंत चालायचं असतं आणि घरी बायको वर्षाने बघणार असते. "तसा जाईल होय तो? तूच सांग." आणि जाणारे दोन-दोन तास धक्क्यावर बोटीची वाट बघत बसलेले, त्यांना दुसरं कामच काय? "आळीतला माणूस दुकानात येईल कशाला, पांड्या? न्हावी त्याच्या ओटीवर येतो ना."

माझं म्हणणंही तुला पाठ असेल. बंदरावरचं पाणी मचूळ, त्यात साबणाला फेस येत नाही. खाऱ्या वाऱ्याने वस्तऱ्याला चार दिवसांत तांबेरा चढतो. आणि सगळ्यात मोठं म्हणजे पावसाळा. चार महिने बोट बंद, धक्क्यावर कुत्रं फिरकत नाही. तेव्हा कुणाची दाढी करणार, खेकड्यांची? पाण्याचं तू सांगितलंस, घागरीने गोडं आणू. वस्तऱ्याचं सांगितलंस, खोबरेल लावून ठेवू. पावसाळ्याचं मात्र तू कधी सांगितलं नाहीस. दर वेळी म्हणायचास, "ते नंतर बघू." नंतर म्हणजे कधी रे?

एकदा मी तुला नको ते बोललो. तू पाटावर होतास, तोंडाला फेस होता. मी म्हटलं, "तुला आळीत दुकान नकोय, कारण तुला आता वस्तऱ्यांची धोकटी घेऊन लोकांच्या दारात जायची लाज वाटते. मुंबईचं वारं लागलंय तुला." तू डोळे मिटून घेतलेस. मी वस्तरा बाजूला घेतला तसा तू उठून अंगण झाडायला लागलास. मला वाटलं, जिंकलो. गाढव मी.

आता तुला माहीत नसलेलं सांगतो. कदाचित माहीत असलेलंही असेल, तेच तर मला कळत नाही.

त्या शेवटच्या शनिवारच्या आदल्या दिवशी मी नानांकडे गेलो आणि तुला न विचारता जागेचा शब्द दिला. ओटीच्या पायरीवर नारळ-सुपारी ठेवली. नाना झोपाळ्यावर बसले होते. त्यांचा धाकटा मुलगा मुंबईत तापाने गेला त्याला तेव्हा महिनाही झाला नव्हता, चेहरा पार उतरलेला. म्हणाले, "खोली घे हो. भाडंबिडं काही नको. पण घरचं काम घरी येऊन करायचं. बोलावलं की यायचं, नाही म्हणायचं नाही. तुझ्या भावासारखं नको." मी म्हटलं, "त्यात काय, नाना. पिढ्यान् पिढ्या करतोय." नानांनी नारळाला हात लावला. झालं. तुझ्या भावासारखं म्हणजे काय, हे विचारायची बुद्धी मला झाली नाही. मी आनंदात होतो, आरसा कुठल्या भिंतीला लावायचा ते ठरवत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी मी पाटावर आणि वस्तरा तुझ्या हातात. तू फेस लावलास, हनुवटी वर केलीस आणि एरवीसारखा लगेच सुरू झाला नाहीस. एक गाल झाला, दुसरा झाला. गळ्यावर आलास तेव्हा म्हणालास, "पांड्या, मी बंदर बंदर का करतो ते तुला आज सांगणार आहे. नीट ऐक." मी आवंढा गिळला. तुझ्या हाताखाली माझा गळा हलला आणि तुझा हात थांबला. वस्तरा तिथेच, कंठावर. विहिरीवरच्या रहाटाचा आवाज मला ऐकू येत होता. मग तू अगदी हळू विचारलंस, "कुणाला शब्द देऊन आलास काय रे?"

गळ्यावर वस्तरा असताना मान हलवता येत नाही. मी डोळ्यांनी नाही म्हटलं.

दादा, मी खोटं बोललो. सख्ख्या भावाशी, आणि तेही तोंड न उघडता.

तू उरलेली दाढी पुरी केलीस, तुरटी फिरवलीस, वस्तरा पुसून मिटलास. जे सांगणार होतास ते सांगितलं नाहीस. मी उठून पाट तुझ्यासाठी सरकवला तर तू म्हणालास, "आज माझी राहू दे. पुढल्या शनिवारी करू." इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. तुझी मुंबईतली दोन वर्षं आणि बाबा गेले त्या आठवड्याचा शनिवार सोडला तर कधीच नाही. तू माझ्या वस्तऱ्याखाली बसला नाहीस. का? तुला कळलं होतं म्हणून? की अंगात कसकस सुरू झाली होती म्हणून? मंगळवारी तर तू आडवाच झालास, म्हणजे तापच असेल. मी रोज स्वतःला सांगतो, तापच असेल.

गुरुवारी नानांचा गडी आला. "धोकटी घेऊन ये म्हणालेत. मागल्या दाराने." तू तापात बडबडत होतास, वहिनी कपाळावर पट्ट्या बदलत होती. मला वाटलं नानांची हजामत असेल, पाचेक मिनिटांत होईल. मागल्या दाराने का, हेही मी विचारलं नाही. चाळीस घरांत वाढलेला न्हावी मी, आणि मला कळू नये? पण असल्या कामांना नेहमी बाबा जायचे, त्यांच्यानंतर तू. तू मला कधी जाऊ दिलं नाहीस, हे त्या पायवाटेने जाताना माझ्या ध्यानात आलं.

परसात केळीखाली पाट मांडलेला होता. पाटावर पाठमोरी पोर. नानांची धाकटी सून, तापाने गेलेल्या त्या मुलाची बायको. आपल्या सुमीहून पाच-सहा वर्षांनी मोठी असेल, जास्त नाही. केस मोकळे सोडलेले, ओले, पार पाटावर टेकलेले. रडत नव्हती. दोन्ही हातांनी पाटाच्या कडा घट्ट धरून बसली होती, होडीत पहिल्यांदा बसलेलं माणूस धरतं तशी. बाजूला आत्याबाई उभी, नानांची थोरली बहीण, तिचं ते लाल आलवण डोक्यावरून घेतलेलं. तिचं डोकं आधी बाबांनी केलं, मग तू. विधवा होऊन पन्नास वर्षं झाली असतील तिला.

आत्याबाई म्हणाली, "तुझा भाऊ दोनदा परत गेला दारातून. तू तरी कर बाबा लवकर, नाना आत कान देऊन बसलेत."

तेव्हा सगळं लख्ख दिसलं, दादा. बंदर का, ते. आळीच्या तोंडाशी दुकान म्हणजे हाकेच्या अंतरावर. "अरे, जरा वर ये" म्हटलं की उठायचं. बंदरावर दुकान असलं की म्हणता येतं, खुर्चीत गिऱ्हाईक आहे, यायला जमत नाही. भांडण नको, तंटा नको, नानांच्या तोंडावर नाही म्हणायला नको. तू आयुष्यभर कुणाशी वाकडं बोलला नाहीस, माझ्याखेरीज. म्हणून तू मैलभर लांबची जागा शोधत होतास. आणि मी तुला म्हटलं की धोकटीची लाज वाटते.

मी धोकटी उघडली. वस्तरा काढला. सवयीने काढला, खरं सांगतो, हाताला दुसरं काही ठाऊक नाही. पोरीच्या मानेवर पाणी ओघळत होतं. मी डावा हात तिच्या डोक्यावर ठेवला आणि उजवा हात पुढे जाईना. माझा हात! ज्याने रडणाऱ्या पोरांची जावळं काढलीत तो. मग माझ्या तोंडून निघून गेलं, "आत्याबाई, माझ्या वस्तऱ्याला धार नाही."

न्हाव्याने हे म्हणायचं म्हणजे सुगरणीने आपल्या भातात खडे आहेत म्हणून सांगण्यासारखं. बाबा असते तर थोबाडीत दिली असती. पण मला दुसरं काही सुचलंच नाही. नाही म्हणता येत नव्हतं, शब्द देऊन बसलो होतो ना.

आत्याबाईने हात पुढे केला. "आण बघू इकडे." मी वस्तरा दिला. आदल्याच दिवशी लावलेली धार होती ती. तिने पातं अंगठ्यावर फिरवलंन. अंगठ्यावर बारीक लाल रेघ उमटली. तिने रेघेकडे बघितलंन, माझ्याकडे बघितलंन, आणि मूठ मिटून आलवणाच्या पदरात घेतलीन. मग घराकडे तोंड करून मोठ्याने म्हणाली, "नाना, धार नाही हो याच्या वस्तऱ्याला!"

आतून नानांचा आवाज आला, "मग लावून ये म्हणावं."

मी धोकटी उचलली आणि पळालो. तुझ्याजवळ येऊन बसलो. मला तुला सगळं सांगायचं होतं, नारळ, नाना, ती पोर, आत्याबाईचा अंगठा. म्हणायचं होतं, दादा, चुकलो, चल बंदरावर, आजच चल. तुझा हात हातात घेतला, तो तापलेल्या तव्यासारखा. तू डोळे उघडलेस आणि विचारलंस, "बोट आली काय रे?" मी म्हटलं, "आली." तू डोळे मिटलेस. तेवढंच आपलं बोलणं झालं. शुक्रवारी तुला शुद्ध नव्हती आणि शनिवारी उजाडता उजाडता तू गेलास.

मग माणसं जमली. कुणी बांबू आणायला गेलं, कुणी गोवऱ्या. मी पाणी तापवलं, वाटीत साबण घुसळला आणि तुझ्या उशाशी बसलो. एक जण म्हणाला, "अरे, आता दाढी कसली करतोस?" मी म्हटलं, "शनिवार आहे. पाळी माझी आहे." वहिनीने त्याला हाताने गप्प केलंन. दोन आठवड्यांची दाढी होती तुझी, राठ, हनुवटीवर दोन-चार पांढरे. मला माहीत नव्हतं तुला पांढरे आलेत ते. मी सावकाश केली, कुठे ओरखडा येऊ दिला नाही. वस्तरा माझ्या हातात होता, बोलायचा हक्क माझा होता, आणि समोर तू कधी नव्हतास इतका गप्प. पण मला एक शब्द बोलता आला नाही.

सुतकाने मला वाचवलं. सुतकातल्या न्हाव्याला कोण बोलावणार? पण दहाव्याला समुद्रावर भाऊबंद जमले, झाडगावच्या चुलत्यांनी माझं डोकं केलं, तेव्हा मला कळलं की नानांकडून त्यांनाही निरोप गेलाय. वस्तरा त्यांच्या हातात होता, तरी मी नियम मोडून बोललो. परसातलं सगळं सांगितलं. चुलते आधी हसले. "धार नाही म्हणालास? लाज नाय वाटली?" मी म्हटलं, वाटली. मग त्यांनी वस्तरा धुतला, पुसला. शेवटी तेच म्हणाले, "माझाही वस्तरा जुना झालाय म्हणा." आणखी दोघांनी मान हलवली. एकाने हलवली नाही, पाण्याकडे बघत राहिला. नाव सांगत नाही, तुला कळेल. तो जाऊन ते काम करून येईल, या धास्तीने मला झोप येत नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर मी वहिनीला विचारलं, दादा कधी काही बोलला होता का? ती वाती वळत होती. म्हणाली, "बोलले नाहीत भावजी, पण नानांच्या थोरल्या सुनेचं डोकं गेल्या साली... ते काम ह्यांनीच केलंनी. तेव्हापासून मी सुमीची वेणी घालायला बसले की हे उठून पडवीत जायचे. बघितलंत ना तुम्ही?" बघितलं होतं. मला वाटायचं, मुंबईहून आल्यापासून दादाला घरात बसवत नाही. त्यावरही मी तुला टोमणे मारलेत.

काल नानांचा गडी पुन्हा आला. "विचारलंय, धार लागली काय?" मी वहिनीला म्हटलं, मी आता जाऊन जे बोलणार आहे त्याने चाळीस घरं जातील. बलुतं जाईल, सणाचं ताट जाईल. तुझी दोन पोरं आहेत, माझं एक, आणि हाताशी एक खुर्ची. तू नको म्हण वहिनी, मी थांबतो. ती म्हणाली, "त्या खुर्चीवरची कोंबडी आधी उठवा मग." एवढंच. अशी बायको तुला मिळाली आणि तू माझ्याशी भांडत बसलास.

मी नवा नारळ घेतला आणि पुढल्या दाराने गेलो. नाना झोपाळ्यावरच होते. नारळ पायरीवर ठेवला नि म्हटलं, "नाना, दिलेला शब्द परत घ्यायला आलोय. जागा नको मला. तुमच्या हजामतीला मी कधीही येईन, पण मागल्या दाराने यायचा नाही." नानांनी पाय टेकून झोपाळा थांबवला. मग म्हणाले, "आळीतलं एक घर राहणार नाही तुला, समजतंय ना?" मी म्हटलं, समजतंय. त्यांनी तोंड फिरवलं. डोळे पुसलेनी की घाम, मला दिसलं नाही. त्यांचाही मुलगा गेला होता, दादा, तेही मी विसरू शकत नाही.

वळलो तर दाराच्या आड आत्याबाई. आलवण जरा मागे सरकलेलं आणि खाली डोक्यावर तांदळाएवढे पांढरे खुंट. त्या दिवसापासून तिनेही कुणाला बोलावलं नव्हतं.

तिथून तडक मांडवी गाठली. तांडेल उंडीखाली जाळं विणत बसला होता. मी तुझं नाव काढायच्या आधीच म्हणाला, "किती दिवस लावलास रे! तुझा भाऊ सांगून गेला होता, धाकटा हटवादी आहे, वेळ लागेल, पण खोली दुसऱ्या कुणाला देऊ नको." कधी सांगितलंस तू हे त्याला? त्या शनिवारच्या आधी की नंतर? म्हाताऱ्याला आठवत नाही. मी तीन-तीनदा विचारलं, तो वैतागला.

तर आज सकाळी गाडी केली. कोंबडी उठवली, तिने माझ्या हाताला चोच मारलीन. वहिनीने खुर्ची पुसलीन, सुमीने शेवटचा एक फेरा घेतलान. शिडं बाहेर काढली, भिंतीला चुना मारला, आरसा तू ठरवला होतास त्याच भिंतीला लावला. वास अजून आहे. घागरीत गोडं पाणी आणलंय, वस्तऱ्याला खोबरेल लावलंय. दुपारी बोट लागली. पहिला माणूस धक्का चढून आला तो दाढी वाढलेला, डोक्यावर ट्रंक, डोळे खोल गेलेले. थांबला, खुर्चीकडे बघितलंन आणि म्हणाला, "आज शनिवार, चालेल काय?" मी म्हटलं, बस. त्यानंतर आणखी पाच जण बसले. तू बरोबर होतास. घे, म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा म्हटलं आणि तू ऐकायला नाहीस.

आता धक्का रिकामा झालाय. पावसाळ्याचं मात्र माझं म्हणणं अजून तसंच आहे हो, ते सोडलेलं नाही. आता आंब्याला मोहोर आहे, मिरगापर्यंत बोट चालेल. पुढे चार महिने काय करायचं? आळी तर गेली. आणि त्या शनिवारी तू माझ्या वस्तऱ्याखाली का बसला नाहीस, तेही सांगायचं राहिलंय तुझं.

झालं माझं बोलून. पाळी संपली. मी तोंडाला फेस लावलाय, खुर्चीत बसलोय, मान मागे टाकून गळा वर केलाय. आता तू बोल, दादा. मी गप्प आहे.